बोर्डाचं कूळ

टिमोथीनं एकदाचं तोंड उघडलं, पण लग्नाला हो म्हणायला नव्हे, अट घालायला.

"सेंगा, शनिवारच्या स्पर्धेत मी स्वतःच्या कॉम्प्युटरवर खेळलो ना, तर रविवारपासून तू म्हणशील ती मुलगी बघीन. शप्पथ!"

सेंगा म्हणजे बापाची बहीण, आणि भाचरांची लग्नं जमवणं हे तिचं कामच. नाकासुज्जा सेंगानं मंडईत हिरवी केळी विकता विकता एकोणीस लग्नं जमवली होती. एक मोडलं असेल तर शपथ! राहिला होता तो हा एकोणतीस वर्षांचा घोडा, दिवसरात्र गेम खेळणारा. त्यात दुचाकीवरून पडून पाय प्लास्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरचे सुटे भाग आणायलाही तीच.

"आण कागद," ती म्हणाली. कागदावर प्रोसेसरचं नाव होतं, रॅमच्या दोन कांड्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, 'बोर्ड: याला जुळेल तो. दुकानात विचार.'

जुळेल तो! जुळवाजुळव सेंगाला शिकवणार कोण?

कंपालाच्या कॉम्प्युटर-बाजारात फिओना नावाच्या पोरीचं दुकान तिसऱ्या मजल्यावर, कपाटाएवढं. खोक्यांच्या गर्दीतही पोरीनं गुडघे टेकून नमस्कार केला. सेंगाला बरं वाटलं. वळण आहे हो पोरीला!

फिओनानं रॅमचं पाकीट पुढे ठेवलं. "या दोन कांड्या एकत्रच घ्यायच्या, आई. जोडीनंच चांगल्या चालतात."

"जुळी आहेत म्हण की! जुळ्यांची ताटातूट करूच नये, घर बुडतं." सेंगानं पाकीट कपाळाला लावून पिशवीत टाकलं.

"हा प्रोसेसर. आणि हा बोर्ड, त्याच घराण्याचा. बरोब्बर बसतो."

सेंगाचा हात जागच्या जागी थांबला. "कोणाच्या घराण्याचा?"

"प्रोसेसरच्याच. एका कुळातले म्हणा ना."

"आणि यांना एकमेकांत बसवायचं? अगं, भाऊबहीण ना ते! तुला काही लाज?"

"आई, मशीन आहे ते. घराणं वेगळं असेल तर बसणारच नाही."

"तीस वर्षं हेच करतेय मी. पहिला प्रश्न कुळाचा. कूळ एक निघालं की राजाचा मुलगा असला तरी परत पाठवते. मला वेगळ्या घरचा बोर्ड दे."

"मी नाही देणार," फिओना म्हणाली. "वाटोळं होईल तुमचं. उद्या माझ्याच नावानं खडे फोडाल."

हट्टी कार्टी! सेंगानं रॅम आणि प्रोसेसर घेतला आणि तरातरा शेजारच्या लुटाया नावाच्या दुकानदाराकडे गेली. तो गिऱ्हाईक मागेल ते द्यायचा. "परक्या घरचा बोर्ड? हा घ्या, आई, अगदी लांबच्या घरचा. एकदा गेलेला माल परत घेत नाही बरं का."

घरी टिमोथीनं बोर्डवर प्रोसेसर ठेवला. बसेना. वळवला, तरी बसेना. रॅम लावून बघितली, तर कांडीची खाच एकीकडे आणि बोर्डाचा दात भलतीकडे.

"सेंगा, हा बोर्ड कुणी निवडला?"

"मी. कूळ बघून."

टिमोथीनं कपाळ धरलं. "गुरुवार आहे आज. गेली माझी स्पर्धा, आणि गेल्या तुझ्या मुली!"

आयुष्यात पहिल्यांदा तिनं जमवलेली जोडी जुळली नव्हती, आणि तीही नेमकी याच्या लग्नाच्या आड आली. ती बोर्ड परत करायला गेली, तर लुटायानं त्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग नाक मुठीत धरून ती फिओनाच्या दारात उभी राहिली.

"चुकलं गं माझं."

पोरगी हसली नाही, हेच मोठं नशीब. "लुटायाशी मी बोलते," म्हणाली. शुक्रवारी संध्याकाळी सगोत्र बोर्ड घेऊन स्वतःच घरी आली. प्रोसेसर हलकेच ठेवला, तो अलगद बसला. जुळी कट्कन आत गेली. पंखा फिरला, पडदा उजळला. टिमोथी मात्र पडद्याकडे बघतच नव्हता.

"रॅम अजून वाढवता येईल," फिओना म्हणाली.

"वाढवू ना! तुम्ही म्हणाल तेवढी," टिमोथी म्हणाला. गेले दोन तास तो प्लास्टरचा पाय ओढत तिला स्क्रू देत होता. यानं आजवर आत्याला पाण्याचा पेला दिला नव्हता!

फिओना हात धुवायला गेली तशी त्यानं सेंगाचा हात धरला. "रविवारची वाट कशाला बघायची? मुलगी बघून झाली माझी."

सेंगाचा ऊर भरून आला. देवा, पावलास रे बाबा! तिनं केळी वाफवायला ठेवली, शेंगदाण्याचं कालवण उतरवलं, फिओनाला वाढलं आणि मायेनं विचारलं, "बाळे, भांडणाच्या नादात राहूनच गेलं बघ. कूळ कोणतं तुमचं?"

"एंगेये," फिओना म्हणाली. "काळंपांढरं माकड आमचं देवक."

सेंगाच्या हातातला डाव तिथेच राहिला. भिंतीवर टिमोथीच्या आजोबांचा फोटो होता आणि त्याखाली तेच काळंपांढरं माकड कोरलेलं होतं. फिओनानं ते बघितलं आणि ती खळखळून हसली. "अगं बाई! म्हणजे तुम्ही माझ्याही सेंगा! आणि हा दादा!"

दादा! टिमोथीचा घास घशातच अडकला. सेंगानं त्याला पाणी दिलं, पोरीच्या पानात आणखी कालवण वाढलं आणि डोळे पुसले. एवढी गुणाची पोर, आणि निघाली घरचीच.

टिमोथीनं चालू मशीनमधल्या प्रोसेसर-बोर्डाकडे बोट दाखवलं. "त्यांना चालतं," तो पुटपुटला.

सेंगानं त्याच्या प्लास्टरवर फाडकन चापट मारली.