क्लबातला रंगांचा फळा

मी एक जुना लाकडी फळा आहे. भोपाळच्या कारखान्यात परदेशी यंत्र आलं, त्याच्या खोक्याच्या लाकडातून केशव सुताराने मला घडवलं आणि टाउनशिपमधल्या ऑफिसर्स क्लबात टांगलं. तिथे मनोरमाकाकू हौसेने ऑफिसरांच्या मुलांना चित्रकला शिकवत. त्यांचे यजमान अच्युतराव कारखान्यात टेक्निशियन होते, ऑफिसर नव्हते.

यंत्राबरोबर नॉर्वेचे एक इंजिनियर आले होते. त्यांच्या पत्नी कार्मेलाबाई माल्टाच्या. गेस्ट हाऊसमध्ये करमेना, म्हणून त्या वर्गात येऊन बसू लागल्या. काकू माझ्यावर रंगांचे पट्टे ओढत आणि कार्मेलाबाई मोडक्या हिंदीत नावं सांगत.

"नॉर्वेत हिरवा म्हणजे ग्रन्न. 'उगवणं' या शब्दाच्या घरातला. आणि आमचा तपकिरी म्हणजे कन्नेल्ला, दालचिनी."

माल्टाचा निळा, इक्हल, सुरम्याच्या 'कुह्ल' या अरबी नावाशी नातं सांगतो हे कळताच काकूंनी चौकातल्या बाजारातून सुरमा आणून मुलांना दाखवला. नॉर्वेचा नारिंगी, ओरान्शे, आणि माल्टाचा ओरान्जो तर आपल्या 'नारंग'चेच वंशज निघाले. त्या दिवशी काकू किती वेळ हसत होत्या.

मित्रांनो, सगळे माझं कौतुक करत. काकूंची मुलगी मीना मात्र खिडकीबाहेर उभी राहून ऐकत असे.

एकदा काकूंनी क्लबाचे सेक्रेटरी सुधाकरसाहेब यांना विचारलं, "मीनाला आत बसू द्याल?"

"वहिनी, क्लब ऑफिसरांच्या मुलांसाठी आहे. एकीला घेतलं की सगळेच येतील."

"मग मी कशी आत येते?"

"तुम्ही शिकवायला येता."

काकूंनी ब्रश धुतले, पुसून टेबलावर ठेवले. "उद्यापासून शिकवायला दुसरं कुणी बघा. हा फळा तेवढा घरी नेऊ का?"

"तो क्लबाची मालमत्ता आहे."

पुढे कार्मेलाबाई मायदेशी गेल्या. मला पांढरा रंग दिला. हिरवा पट्टा पहिल्याच हातात झाकला गेला, नारिंगीला दोन हात लागले. वर लिहिलं, 'जूते बाहर उतारें'.

मीना क्लबासमोरच्याच रस्त्याने शाळेत जाई. आतल्या मुली हाक मारत. तिने कधी वळून पाहिलं नाही.

मला खरवडून माझे रंग शोधा, असं मी म्हणणार नाही, मित्रांनो. पण जिच्याकडून चार रंग शिकाल, तिच्या मुलीला खिडकीबाहेर उभी ठेवू नका.