पालथा नमुना

रेवाने काल टिपलेलं चित्र पडद्यावर आणखी मोठं केलं. अणूंच्या रांगा, एक उजळ तर शेजारची काळी. शेजारशेजारच्या अणूंचं चुंबकत्व उलटसुलट दिशांना असलं की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ते असंच दिसायला हवं. याच चित्रापाशी तिची पीएचडी अडली होती, आणि पीएचडीपाशी पुण्याची नोकरी.

"झालं तर मग," तिचे मार्गदर्शक चारुदत्त सर मागून म्हणाले. "आजच पेपर पाठवून दे."

"आधी नमुना पालथा घालून बघते ना, सर."

पालथा घातल्यावर उजळ रांगा काळ्या व्हायला हव्यात, काळ्या उजळ. नाही झाल्या, तर ते चुंबकत्व नव्हेच. नियम सरांचाच. तो चुकवला म्हणून त्यांनी आधीच्या विद्यार्थ्याचा, निनादचा, अख्खा प्रबंध परत केला होता.

"राहू दे आता. दमलीयस तू. मीपण." सर चहा आणायला गेले.

दमली तर ती होतीच. उरणकडे जाणाऱ्या कंटेनरांनी जमीन थरथरली की चित्र बिघडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पनवेलात हायवेला खेटून प्रयोगशाळा बांधणाऱ्याला तिने कितीदा तरी शिव्यांची लाखोली वाहिली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही क्षणभर मनात आलं. पण हाताला वळण पडलेलं. तिने नमुन्याची दांडी यंत्रातून बाहेर ओढली.

नमुन्याच्या तांब्याच्या कड्याला एक खाच होती. रेवा ती नेहमी डावीकडे ठेवायची, कालही तशीच ठेवून ती घरी गेली होती. आता खाच उजवीकडे होती.

सर दोन कप घेऊन आले आणि तिच्या हातातली दांडी पाहून दारातच थबकले.

"सर, हा पालथाच आहे."

"काल तू गेल्यावर मीच घातला."

"मग? रांगा उलटल्या?"

सरांनी कप टेबलावर ठेवले. "पेपर गेला असता, तर सुटली असतीस गं," ते हळूच म्हणाले.

रेवाला भडभडून आलं. कुणासाठीच न वाकलेला हा माणूस तिच्यासाठी वाकला होता, आणि त्याचंच तिला सगळ्यात वाईट वाटत होतं. तिने पडद्यावरचं चित्र बंद केलं, दोन घोट चहा घेतला.

"नवीन नमुना घासून तयार करायला घेते," ती म्हणाली. "आणि या वेळी पालथा मी घालणार. तुम्ही हात लावायचा नाही."