पाठीवरची बटणं

सुंदरबाईने शिवलेलं पोलकं एकदा अंगात घातलं, की सोनगीरच्या बायका दुसऱ्या शिंप्याचं नाव काढत नसत. शिवणात सफाई, तशी तोंडानेही फटकळ. कुणाचं ऐकून घेणं तिच्या स्वभावातच नव्हतं. पण त्या शनिवारी धुळ्याच्या शाळेतून ती मान खाली घालून बाहेर पडली.

तिची हिरू बारा वर्षांची. बुद्धीने फार मागे, बोलायला दोन-चार शब्द, बोटंही आखडलेली. मतिमंद मुलांच्या त्या शाळेत प्रत्येक मुलाची वेगळी योजना वहीत लिहिलेली असे. हिरूच्या वहीत तिच्या वर्गशिक्षिका यशोदाबाईंनी एकच ओळ लिहिली होती : 'स्वतःच्या फ्रॉकची बटणं स्वतः लावणे.' सहा महिने झाले. लाकडी फळीवर ठोकलेली बटणं पोरगी बरोबर लावायची, फ्रॉकचं मात्र एकही लागेना. मुख्याध्यापक रतिलाल सरांनी सांगून टाकलं, "सोमवारी शेवटचं बघू. नाही जमलं तर जागा दुसऱ्याला देऊ. बाहेर वीस मुलं वाट बघतायत."

एसटीत सुंदरबाई पोरीवरच चिडली. मग चिडल्याचंच तिला वाईट वाटलं.

रविवारी दुपारी ती मशीनवर बसली होती. शेजारच्या झुलालचा शर्ट दुरुस्तीला आला होता. हिरूने तो उचलून अंगात घातला आणि खाली बघत, जीभ बाहेर काढून, एकेक करत पाचही बटणं लावली.

मशीनवरचा सुंदरबाईचा पाय थांबला. तिने कपाळावर हात मारून घेतला. शाळेने दिलेल्या नमुन्यावरून फ्रॉक तिनेच शिवला होता, बटणं पाठीवर. रोज सकाळी सुंदरबाईच ती लावून देत होती. जी डोळ्यांना दिसतच नाहीत, ती बटणं पोरगी लावणार कशी? सगळं आयुष्य शिवणात गेलं आणि एवढं कळू नये! तिने तिथल्या तिथे फ्रॉक उसवायला घेतला.

सोमवारी पुढच्या बाजूला बटणं असलेला फ्रॉक बघून रतिलाल सर उखडले. "गणवेश सगळ्यांचा सारखाच असतो!"

"गणवेश असेल, सर. योजना सारखी नसते," यशोदाबाई म्हणाल्या. "चूक माझीच. बटणं कुठे आहेत, ते न बघताच मी वही भरली."

सुंदरबाईला धीर आला. "सर, तुमना शर्टना बटनं पाठवर शेतस का?"

सरांचा हात नकळत आपल्या छातीवरच्या बटणांकडे गेला.

हिरूने सुरुवात केली. दुसरं बटण तिसऱ्या काजात गेलं. सुंदरबाईचा हात सवयीने पुढे झाला, तो पोरीने ढकलून दिला. चुकलेलं काढलं, पुन्हा लावलं. शेवटचं बटण लागलं आणि एवढी फटकळ सुंदरबाई सगळ्यांसमोर रडली.

सरांनी वहीवर सही केली. हिरूची जागा राहिली. मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "आता पुढे काय लिहायचं?"

"वेणी," सुंदरबाई म्हणाली.

"वेणी? अहो, ती तर पाठीवरच असते!"

सुंदरबाईने पदराने नाक पुसलं, हिरूची वेणी खांद्यावरून पुढे आणली आणि तिच्या हातात दिली.

"आते कोठे शे पाठवर, सर?"