फार गोड नसलेला केक

त्या रविवारी माझ्यावर अळकुडीचा जांभळा केक होता, मित्रांनो. मी काचेची, उंच पायाची एक जुनी थाळी. माझा जन्म शिंचूच्या भट्टीतला. ज्या म्हाताऱ्या कारागिराने मला फुंकून घडवलं, त्याच्या श्वासाचा एक बुडबुडा अजून माझ्या पायात आहे. तिथून मी तैपेईला, एका गल्लीतल्या फांगबाईंच्या देखण्या बिस्ट्रोत आले. उशिराच्या न्याहारीला आणि वाढदिवसांना लोक इथेच येतात. किती बाळांचा पहिला महिना माझ्यावर साजरा झाला!

त्या दिवशी खिडकीपाशी छाय-यून आणि तिची मुलगी पेइ-च्युन बसल्या होत्या. दोघींचे वाढदिवस एकाच आठवड्यातले, म्हणून दर वर्षी पपनसांच्या दिवसांत दोघींत मिळून एकच केक.

"अंडं कच्चंच आणलंय," आई म्हणाली.

"ते तसंच असतं, आई."

"कच्चं ठेवायचं आणि वर पान खोचायचं. घरी मी नीट करून दिलं असतं."

"मग दर वर्षी येतेस कशाला?"

"तू आणतेस म्हणून."

मेणबत्त्या लागल्या. आमच्याकडे त्या विझवण्याआधी तीन इच्छा मागतात. दोन मोठ्याने, तिसरी मनात. ती बोलून दाखवली तर फळत नाही.

"सगळे धडधाकट राहोत. आणि हिला उजेड असताना ऑफिसातून घरी जायला मिळो," आई म्हणाली.

"आईचे गुडघे न दुखोत. आणि तिने इथल्या आचाऱ्याला छळू नये."

मग दोघींनी डोळे मिटले. तिसरी इच्छा मलासुद्धा ऐकू आली नाही.

केकचा घास घेऊन आई म्हणाली, "फार गोड नाही." याहून मोठं कौतुक आमच्याकडे केकचं होत नाही. फांगबाई दिवसभर खुशीत होत्या.

त्याच आठवड्यात आई झोपेतच गेली.

पुढे बिस्ट्रोत काळ्या दगडी पाट्या आल्या. केक त्यांवर शोभून दिसू लागले आणि मी वरच्या फळीवर गेले. रुसले नाही. आठवायला पुष्कळ होतं. पण धूळ बसली की काचेला काचपण उरत नाही.

पुन्हा पपनसं आली. पेइ-च्युन एकटीच आली.

"ती काचेची थाळी आहे का हो अजून?"

फांगबाई स्वतः स्टुलावर चढल्या. मला कोमट पाण्याने धुताना म्हणाल्या, "कडेचा टवका उडालाय हं."

"आईच्याच सुरीने उडालाय तो. असू दे."

न सांगता फांगबाईंनी टेबलावर अंड्याच्या दोन बश्या ठेवल्या.

मित्रांनो, जपायचं म्हणून आम्हाला फळीवर ठेवू नका. वापरा, हाताने धुवा, एखादा टवका उडाला तर उडू द्या. ज्यांच्यासोबत वापरायचं, ती माणसं आहेत तोवर.

पेइ-च्युनने दोन इच्छा मोठ्याने मागितल्या. सगळे धडधाकट राहोत. उजेड असताना घरी जायला मिळो. तिसरीसाठी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले.

"आता बोललं तर काय बिघडणार आहे," ती समोरच्या खुर्चीला म्हणाली. "आई, दर वर्षी मी एकच मागायचे. पुढच्या वर्षीही तू इथे बसून या अंड्याला नावं ठेवावीस."