पाला तोडायच्या आधी

मित्रांनो, मी करडी गावातल्या एका अंगणाच्या कोपऱ्यातली जुनी निरगुडी आहे. मला कुणी हौसेने कुंडीत लावत नाही. माझी फुले बारीक, निळसर, आणि वास असा उग्र की शेळ्यासुद्धा मला तोंड लावत नाहीत. पण लचकलेला पाय असो, सुजलेला गुडघा असो की बाळंतिणीच्या अंघोळीचे पाणी, सगळ्यांना माझीच आठवण होते. त्याचा मला थोडा ताठाही होता, हे कशाला लपवू?

जनाबाईने मला आणले तेव्हा मी हातभर फांदी होते. पावसाळ्यात तिने मला न्हाणीजवळ खोचले. पाणी मुळाशी तुंबू नये म्हणून बाजूने लहानसा पाट काढला. खत कधी घातले नाही आणि मला ते लागतही नाही. दर उन्हाळ्यात ती माझ्या म्हाताऱ्या फांद्या छाटायची आणि आषाढ लागेपर्यंत मी पुन्हा हिरवीगार व्हायची.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. बांधीतले, म्हणजे भातखाचरातले, धान उभ्या उभ्या करपले. तग धरला तो फक्त लाखोळीने, म्हणजे लाखेच्या डाळीच्या पिकाने. घरात तांदूळ होता तो जनाबाईने नातीसाठी राखला. मुलगा गोपीचंद खडी फोडायला जात होता, त्याच्या पोटाला भरपूर हवे, म्हणून ती त्याला दोन्ही वेळा लाखोळीची भाकर आणि लाखोळीचेच वरण वाढायची. सून रंभाबाई घासभर खाऊन उठायची. असे कित्येक महिने चालले.

एके सकाळी न्हाणीकडे येताना गोपीचंदचे पाय एकमेकांत अडकले. पोटऱ्या लाकडासारख्या ताठ झाल्या होत्या.

"वात हाये," जनाबाई म्हणाली. "आपल्या निरगुडीनं उतरन."

तेव्हापासून रोज माझा पाला तोडला जाऊ लागला. तव्यावर गरम करून त्याच्या पायांना बांधला जाऊ लागला. मित्रांनो, माझे काम सूज ओढायचे. त्या पायांना सूजच नव्हती. ठणकाही नव्हता. मी काय ओढणार होते? मला ओरडून सांगावेसे वाटे, की बाई, हे माझ्या हातचे नाही, याला दवाखान्यात ने. पण झाडाला वाऱ्याने हलण्यापलीकडे काय करता येते? ती म्हातारी माझ्या फांदीला हात लावून नमस्कार करायची आणि पुन्हा पाला ओरबाडायची. तो नमस्कार मला सहन होत नसे.

शेवटी रंभाबाईने हट्ट धरला आणि नवऱ्याला बैलगाडीत घालून भंडाऱ्याला नेले. संध्याकाळी ती अंगणात टेकली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, वात नाही म्हनते डाक्टर. रोज रोज निसती लाखोळी खाल्ल्यानं पायाच्या नसा गेल्या. आता होत नाही बरे. बिगीनं आनलं असतं, त लाखोळी बंद केली असती, एवढं वाढलं नसतं."

जनाबाई तशीच उठली. मग घरातून कुऱ्हाड घेऊन आली आणि मला बुडापासून तोडू लागली. "तुह्याच भरोशावर बसलो होतो आमी," ती रडत म्हणत होती. ती मला तोडत होती, पण राग तिचा लाखोळी वाढणाऱ्या स्वतःच्याच हातावर होता. मला घाव लागत होते, तरी मी तिच्यावर रुसले नाही.

गोपीचंद छपरीतून म्हणाला, "माय, तिच्यावर काहून राग काढून राहिली? ते जाड फांदी इकडे दे. मले काठी लागते."

पुढची सगळी वर्षे तो माझ्याच काठीवर चालला. मी बुंध्यातून पुन्हा फुटले. जनाबाई गेली. गोपीचंद छपरीत बसून सुतळी वळायचा आणि पाला न्यायला आलेल्या प्रत्येकाला अडवायचा. एकदा शेजारची मंदाबाई आली.

"माह्या पोराच्या, धनीरामच्या पायात मुंग्या येऊन राहिल्या, भाऊजी. चालता येत नाही."

"सूज हाये का?"

"नाही."

"मंग पाला राहू दे. आजच त्याले दवाखान्यात ने."

धनीरामच्या मणक्यात गाठ निघाली. ती वेळेवर कळली म्हणून तो आज नांगर धरतो. मला जे कधी सांगता आले नाही, ते गोपीचंद सांगत होता. ती माझी सर्वांत सुखाची वर्षे.

गेल्या साली लेकीने त्याला आणि रंभाबाईला साकोलीला नेले. घराला कुलूप आहे. न्हाणीचे पाणी बंद झाले, छाटणारे कुणी नाही. त्याचे मला फारसे दुःख नाही, मी चिवट आहे.

पण काल एक बाई कुंपणातून आत आली. घाईघाईने ओटीभर पाला तोडून निघून गेली. तिच्या घरी कुणाला काय झाले आहे, सूज आहे की नुसते पाय ताठले आहेत, मला कळले नाही. मी नुसती हलत राहिले.

मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे. माझा पाला खुशाल तोडा, पण त्याआधी दुखणाऱ्या माणसाजवळ बसून त्याला विचारत जा.