सुझूच्या वाढदिवसाचा फ्लेक्स

तुझी जिवाभावाची मैत्रीण कोण, असं दिपालीला कुणी विचारलं असतं तर तिनं सुझूचं नाव घेतलं असतं. तेही खरं नाव नव्हतंच. जपानातली ही बाई एका मोबाइल गेममधल्या मेंढपाळ पोरीची चित्रं काढायची आणि आपल्या पानावर टाकायची, निव्वळ हौसेपोटी. पानाच्या माथ्यावर लिहिलेलं असायचं: चित्रं उचलून दुसरीकडं टाकू नका, छापू नका. दिपालीनं भाषांतराच्या अ‍ॅपवर ते वाचलं आणि तीन वर्षं पाळलं. मोबाइलच्या पडद्यावर एखादं चित्र ठेवायचं तरी ती आधी विचारायची.

सुझूही तशीच. दिपालीनं आईचा, म्हाळसाबाईंचा, पिशोरच्या माळावर मेंढरं राखतानाचा फोटो पाठवला, तेव्हा सुझूनं विचारलं, यांच्या अंगावरची ही घोंगडी मी माझ्या चित्रातल्या पोरीच्या खांद्यावर काढली तर चालेल का? म्हाळसाबाई हरखूनच गेल्या. "मला इचारलं तिनं? इतक्या लांबून? काढ म्हनावं बाई, खुशाल काढ!"

त्या चित्रानंतर सुझू मोकळेपणानं लिहू लागली. ऑफिसात या छंदाचा कुणाला पत्ता नव्हता, आणि कळला तर सगळं पुसून टाकावं लागेल, ही धास्ती तिला कायम असायची. गेमची कंपनीही अशा चित्रांकडं कानाडोळा करायची, पण गाजावाजा नसेल तोवरच. आपला वाढदिवस चौदा मेला असतो, हे पानावरच्या माणसांपैकी तिनं एकट्या दिपालीला सांगितलं. आणि दिपालीनं, जेवता जेवता, ते अजिनाथदादाला सांगितलं. इथंच माशी शिंकली.

अजिनाथ तिचा चुलतभाऊ. लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला तशी त्यानं मेंढरं सोडली आणि शहरातल्या छावणी भागात फ्लेक्सचं दुकान टाकलं. शहराला नळाचं पाणी आठवड्यानं यायचं, पण नव्या वसाहतींच्या जाहिरातींना काही खंड नव्हता, त्यामुळं मशीन दिवसभर चालायचं. दिपाली तिथंच डिझाइन करायची. अजिनाथ माणूस सोन्यासारखा, पण कुणाला मान द्यायचा म्हणजे त्याला चौकात टांगायचं, एवढी एकच रीत त्याला ठाऊक. पुतण्या दहावी पास झाला, टांगला. सासऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यांनाही टांगलं!

तेराला दिपाली पिशोरला गेली आणि चौदाला सकाळी परत निघाली. कन्नडहून एसटी सुटली न सुटली तोच मोबाइल थरथरायला लागला. अनोळखी माणसं, सगळी जपानी. हे तुम्ही केलंत का? तिला काही उमगेना. पुढचा निरोप: तुम्हाला लाज वाटत नाही का? मग तिसरा, चौथा, मग मोजणंच सुटलं. सुझूला तिनं तीनदा लिहिलं. एरवी लगेच उत्तर देणारी सुझू गप्प होती. शहर येईपर्यंत खिडकीतून पळणारी करपलेली रानं बघत दिपाली बसून राहिली.

छावणीच्या चौकात रिक्षा वळली आणि तिला दिसलं. वीस फुटी फ्लेक्स! मधोमध घोंगडीवाली पोर. वर लिहिलेलं, 'जपानच्या सुप्रसिद्ध चित्रकार सुझूताई यांना १४ मे, वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा'. कोपऱ्यात जिथं सुझूची बारीक सही आणि 'छापू नका'ची ओळ होती, नेमका तिथंच शुभेच्छुक म्हणून वॉर्डातले पुढारी काकासाहेब यांचा गॉगलवाला गोल फोटो.

"कसं वाटलं?" अजिनाथ दुकानातून धावत आला. "फोटो काढून तिचं नि तुझं नाव जोडून नेटवर टाकला बी. जपानात लई चाललाय! कुनीतरी त्या गेमच्या कंपनीला बी धाडलाय."

"दादा, काढ तो. आत्ताच्या आत्ता काढ!"

"अगं, येडी का काय तू? सख्ख्या भैनीला केला नसता एवढा..."

"तिनं छापू नका म्हणून लिवलंय रे! ती लपून काढती. तू तिला चवाट्यावर आणलं!"

अजिनाथचा चेहरा उतरला. स्वतः शिडी लावून त्यानं फ्लेक्स उतरवला. खाली उतरेपर्यंत सुझूचा निरोप आला होता.

'माझ्यामुळं तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना त्रास झाला असेल, मनापासून क्षमा मागते. तारखेवरून ऑफिसातल्या एकीनं मला ओळखलं. इतकी वर्षं प्रेमानं वागलात, आभारी आहे.'

रागाचा एक शब्द नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं दिपालीला झालं. तिनं सुझूचं पान उघडलं. चारशे बारा चित्रं होती. तीनशे नव्वद राहिली. तीनशे चाळीस. तिच्या डोळ्यांदेखत एकेक रांग नाहीशी होत होती, आणि ती लिहीत होती, थांब, मी नाही गं, थांब. निरोप जाईचना. मग पानही उघडेना.

दिपाली दुकानाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडायला लागली. अजिनाथ कासावीस झाला. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "रडू नगं. चूक माझी हाय. मी निस्तारतो."

तो आत गेला. दिपालीनं डोळे पुसून वर बघितलं तेव्हा मशीन सुरू झालं होतं. कोऱ्या कापडावर हळूहळू अक्षरं उमटत होती: 'सुझूताई, जाहीर माफी'. आणि हा तीस फुटी होता.