डाव्या पिळाची माळ

मालसुनची नात पन्नास दिवस काचेच्या पेटीत राहून घरी आली. वेळेआधी जन्मलेली, सुकलेल्या कोबीच्या गड्ड्याएवढी पोर. डॉक्टरांनी निघताना एकच सांगितलं होतं: गुरुवारी वजन करू, वाढलं नसेल तर परत भरती.

घरी आल्यावर पोरीने छळ मांडला. इस्पितळातल्या त्या पेटीवर सदा मिणमिणता उजेड असायचा, तीच तिची सवय. दिवा मालवला की टाहो फोडायची. ट्यूब लावली की डोळे घट्ट मिटून बाटलीपासून तोंड फिरवायची. साठपर्यंत प्यायला हवं, तर पंचविसाच्या रेघेशी दूध अडायचं. मालसुनला अक्षरं अडखळत वाचता येत, पण बाटलीवरच्या रेघा तिला चांगल्या कळत.

तिसऱ्या दिवशी सून ह्येजिनने खोलीच्या दारावर, आतल्या बाजूने, बारीक दिव्यांची माळ टांगली.

"हे काय, सूनबाई? दारूचं दुकान काढलंस?"

"नाताळात लावतात ती, आई. पण आता लोक घरात वर्षभर लावतात. उजेड बेताचाच पडतो, डोळ्यांवर येत नाही."

"आणि घर पेटलं म्हणजे?"

"तीन सेलवर चालते. तापत नाही, शॉक लागत नाही. हात लावून बघा."

तापल्या तव्याला लावावं तसं मालसुनने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. मग पुन्हा लावलं. दिवा थंडगार होता.

"जे तापत नाही ते उजेड काय देणार," ती म्हणाली. तरी माळ उंच राहील, पोरीच्या अंथरुणापासून लांब राहील, याकडे तिने स्वतः लक्ष दिलं.

त्या संध्याकाळी पोर पंचेचाळीसपर्यंत प्यायली. मालसुनने बाटली दोनदा घासली.

बुधवारी दुपारी शेजारीण, योसू गावची म्हणून योसूवाली, कोबीला मीठ चोळता चोळता ओल्या हातांनीच सरळ खोलीत घुसली. "बघू तरी, मुठीएवढी आहे म्हणतात."

"बाहेर हो. बाळंतिणीच्या खोलीत अशी शिरतेस? दारावरचा दोर दिसला नाही?"

"कुठला दोर, वहिनी? भाऊजी गेल्यापासून या गल्लीत पीळ घालणारं उरलंय कोण?"

योसूवाली गेली, पण बोलणं सलत राहिलं. मूल झालं की दारावर पेंढ्याचा दोर बांधायचा, मुलगी असेल तर त्यात कोळसा आणि पाइनची डहाळी खोचायची. तीन आठवडे परकं माणूस तो ओलांडत नाही. अख्ख्या गावाचे असे दोर मालसुनच्या नवऱ्यानेच वळले होते. नात घरी आली त्या दिवसापासून तीन आठवडे मोजायचे, तर तिच्याच दारावर मात्र काही नाही.

सून न्हायला गेली होती. मालसुनची नजर माळेवर गेली. दारावर आडवा दोर तर आहेच की. तिने चुलीतले दोन कोळसे आणले, परसातली डहाळी तोडली. खोचायला गेली आणि थबकली. वायर उजव्या पिळाची होती. उजव्या पिळाचा दोर बैलाला बांधतात, पोरीला नाही. तान्ह्या बाळाच्या दारावरचा दोर डाव्या पिळाचाच लागतो.

तिने माळ उतरवली, मांडी घातली, तळहातांवर थुंकली आणि नवरा वळायचा तसा उलटा पीळ घालत या टोकापासून त्या टोकापर्यंत आणला. मधे कुठेतरी कट्ट असा आवाज झाला. वायर नवी आहे, कुरकुरणारच, असं म्हणून तिने पुढचा वीतभर वळला, कोळसे आणि डहाळी खोचली आणि माळ पुन्हा दारावर टांगली.

अंधारून आलं. ह्येजिनने माळेच्या सेलच्या डबीचं बटण दाबलं. काही नाही. सेल बदलले. काही नाही. पोर रडायला लागली. ट्यूब लावून बाटली दिली, तर दूध बाराच्या रेघेला अडलं.

ह्येजिन भिंतीला टेकून बसली. "उद्या गुरुवार," ती हळू आवाजात म्हणाली. "पुन्हा त्या पेटीत जाईल ही."

माझं चुकलं, असं मालसुन उभ्या जन्मात कुणाला म्हणाली नव्हती. नवऱ्यालाही नाही, आणि तिथे तर संधी पुष्कळ होत्या. तिने घसा खाकरला.

"पीळ मी फिरवला."

"कसला पीळ?"

"माळेचा. उजवा होता, डावा केला."

ह्येजिनने दाराकडे बघितलं. "सगळ्या माळेचा?"

"अर्धवट काम माझ्या हातून होत नाही. चुकलं माझं. बोल काय बोलायचं ते."

ह्येजिनला एकाच वेळी हसू आणि रडू फुटलं. नाक पुसत तिने डबी उघडली. आत एक तार स्प्रिंगपासून सुटून लोंबत होती. तिला ती काही केल्या जागी बसवता येईना.

"दे इकडे. सुईत दोरा ओवतेय मी साठ वर्षं," मालसुन म्हणाली. तिने तार ओठांत धरून टोक नीट केलं आणि स्प्रिंगखाली सारलं.

माळ लागली. ट्यूब मालवली. पोर दोनदा मुसमुसली, डोळे उघडून दाराकडे बघत राहिली आणि चुरूचुरू ओढायला लागली. मालसुन बाटलीला नाक लावून बसली होती. तीस. पंचेचाळीस. साठ. मग बाटलीत नुसती हवा वाजायला लागली, तरी पोर सोडेना.

गुरुवारी डॉक्टरांनी काट्याकडे बघितलं, लिहून घेतलं आणि म्हणाले, "छान. आता महिन्याने या."

बसमध्ये ह्येजिनने विचारलं, "आई, तीन आठवडे झाले की माळ उतरवायची ना?"

"कोळसा आणि डहाळी उतरवायची. दिवे कशाला काढतेस? वर्षभर लावतात म्हणालीस ना." मालसुनने झोपलेल्या पोरीवरचं पांघरूण सारखं केलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "घरी गेल्यावर भात टाक. मला भूक लागलीय."

नात जन्मल्यापासून ती हे पहिल्यांदाच म्हणत होती.